पुस्तकातली वाटी आणि आमची चूल

वर्षावासात आमच्या चिचगडला रोज संध्याकाळी विहारात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. वाचन संपले की पुरुष मंडळी उठून जातात आणि बाया थोडा वेळ ओट्यावर बसतात. पाऊस असला तर जास्त वेळ बसतात. दिवसभर रोवणीत वाकून कंबर दुखत असते, घरी जाऊन पुन्हा चूल पेटवायची असते. मधला हा अर्धा तास तेवढा त्यांचा स्वतःचा. या बोलण्याला कोणी परिसंवाद म्हणणार नाही. पण अशाच एका संध्याकाळी जे बोलणे निघाले, त्याने मला आमच्या साहित्याविषयी आणि चळवळीविषयी पुन्हा विचार करायला लावले. म्हणून हा लेख.

चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले गाव. छत्तीसगडची सीमा इथून जवळ. भोवती जंगल आणि धानाच्या बांध्या. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही भंडाऱ्यात होतो. गोंड, हलबा, ढिवर आणि आम्ही बौद्ध एकमेकांच्या शेजारी राहतो. लग्नाच्या मुली सीमेपलीकडून येतात आणि जातात. आमच्या शेजारची सून अशीच तिकडची. मराठी वाचायची सवय व्हावी म्हणून मी तिला माझ्याजवळचे 'रुचिरा' वाचायला दिले होते. त्या दिवशी ती ते परत करायला घेऊन आली होती.

"का आहे वो यात?" ओट्यावरच्या आजीने विचारले. आजी ऐंशीच्या पुढची. तिला अक्षर येत नाही, पण धम्मग्रंथातले कोणते पान कालच वाचून झाले हे तिच्याच लक्षात असते.

"सैपाकाचं पुस्तक आहे, आजी."

"मंग वाच ना."

सून अनुक्रमणिका वाचू लागली. आजी मधेच थांबवून विचारी. लाखोरी आहे का? सापडली नाही. तरोटा? सापडला नाही. सात्या? वास्ते? तेही नाही. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तं मंग हे कोनासाठी लिवलं वो, मास्तरीनबाई?"

बाया हसल्या. मीही हसले. पण रात्री घरी आल्यावर हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. प्रस्थापित साहित्याला हाच प्रश्न आम्ही किती वर्षे विचारत आलो! कोणाचे जगणे लिहिले, कोणासाठी लिहिले? कथा-कवितेला तो विचारला. पाककृतीच्या पुस्तकाला विचारायचे आम्हाला सुचले नाही. ते एका निरक्षर बाईला सुचले.

त्या संध्याकाळी मग बोलणे वळले ते दुसरीकडे. मी विचारले, पुस्तक राहू द्या, पण दमून भागून आलात, अंगात कसकस आहे, मन उदास आहे, अशा वेळी काय खावेसे वाटते? कशाने जिवाला बरे वाटते?

शाळेत पोषण आहार शिजवणारी मावशी म्हणाली, गरम पेज आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. ढिवराच्या घरची शेजारीण म्हणाली, तलावातल्या बारीक मासोळीचा आंबट रस्सा, अन् भात काल रातचा. सून म्हणाली, बासी; म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात, सकाळी कांदा आणि मिठासंगे. एकीने डुबुकवड्यांचे नाव काढले. आजी म्हणाली, लाखोरीची दार. कॉलेजात शिकणारी एक मुलगी हळूच म्हणाली, मॅगी. सगळ्या तिला हसल्या. तेव्हा ती चिडून बोलली, "हसू नोका. होस्टेलात पयल्या वर्षी मला रातचं रडू ये. खोलीतल्या पोरी एका डब्यात मॅगी करत अन् मला संगं बसवत. म्हणून."

त्यानंतर कोणी हसले नाही.

मला माझ्या आईची अंबाडी आठवली. कोवळ्या पानांची भाजी, त्यात तांदळाची कणी, भरपूर हिरवी मिरची आणि वरून थेंबभर कच्चे तेल. मी ती नीट करू शकत नाही. आई असताना मी शिकून घेतली नाही. शिक्षकी पेशाचे शिक्षण घेताना वसतिगृहात माझ्या डब्यातल्या अंबाडीला आणि सुकटीला मैत्रिणी नाक मुरडत. त्यानंतर मी आईला सांगून टाकले, मला नुसती बटाट्याची भाजी देत जा. ती काही बोलली नाही. तिने बटाटा द्यायला सुरुवात केली. आज ती नाही आणि कणी किती घालायची हे सांगणारे कोणी नाही.

इतके सांगितल्यावर विषयाकडे वळते.

मराठीत पाककृतीची पुस्तके नवी नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली छापले गेले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० सालचे. त्या पाठारे प्रभू समाजातल्या, आणि पुस्तकात त्या घरांची चव उतरली आहे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि मध्यमवर्गीय मराठी घरात पोचले. लग्नात मुलीला भांड्यांबरोबर ते देण्याची पद्धत पडली. या बाईंविषयी मला आदर आहे. त्यांचे शालेय शिक्षण फार झाले नव्हते. तोळे-मासे सोडून वाटी आणि चमचा ही घरातली मापे त्यांनी कृतींत आणली, म्हणून नवशिक्या मुलीलाही पुस्तक समोर ठेवून रांधता येऊ लागले. एका गृहिणीने आपले ज्ञान हातचे न राखता सर्वांना दिले, ही लहान गोष्ट नव्हे.

पण 'सर्वांना' हा शब्द इथे तपासावा लागतो. वाटी हे माप ज्या घरात चालते त्या घरात डबे भरलेले असतात. वाटीभर तूप घ्या असे सांगितले की घरात वाटीभर तूप आहे हे गृहीत धरलेले असते. आमच्या आयांची मापे वेगळी होती. मूठ, चिमूट, ओंजळ, आणि सर्वांत मोठे माप म्हणजे घरात आज जे असेल ते. तेल किती? बाटलीच्या तळाशी असेल तेवढे. डाळ किती? खाणारी तोंडे किती, त्यावर पाणी ठरे. डाळ तेवढीच राही. एक पाहुणा आला तर डाळ वाढत नसे, पाणी वाढे, आणि पाणी वाढले तरी चव मोडू नये म्हणून मिरची आणि लसूण ठेचून वर घालायचा. हे कौशल्य नव्हे काय? पुस्तकातला स्वयंपाक असलेल्या वस्तूंपासून पदार्थ करायला शिकवतो. आमचा स्वयंपाक नसलेल्या वस्तूंना तोंड द्यायला शिकवत होता.

भाषेचेही तेच. आमच्या भागात झाडीबोली बोलतात. तीत 'ण' नाही आणि 'ळ' नाही. पुस्तकातली डाळ आमच्या तोंडात दार होते, लाखोळी लाखोरी होते, पाणी पानी होते. पुस्तक उघडताच आमच्या बाईला पहिली जाणीव होते ती ही, की आपण बोलतो ते चूक आहे. मग आपण रांधतो तेही चूकच असणार, असे तिला वाटू लागते.

आता आजीच्या लाखोरीकडे येते, कारण माझ्या म्हणण्याचे सारे मर्म तिच्यात आहे.

लाखोळी हे आमच्या भागातले जुने कडधान्य. धान कापणीला यायच्या आत, उभ्या बांधीतच तिचे बी फेकतात. याला उतेरा म्हणतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. छत्तीसगडकडे तिलाच तिवरा म्हणतात. कोवळे शेंडे खुडून भाजी होते, ती वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवता येते, आणि दाण्याची डाळ होते. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडेही लाखोळी असे.

पण या डाळीत एक विषारी अमिनो आम्ल असते. इतर अन्नाबरोबर माफक प्रमाणात खाल्ली तर सहसा बाधत नाही. दुष्काळात दुसरे काही नसताना महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खावी लागली, तर माणसाचे पाय लुळे पडतात आणि ते पुन्हा बरे होत नाहीत. डॉक्टर या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. मध्य भारतात रीवा परिसरात बांधील शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे, आणि तिथे हा रोग मोठ्या प्रमाणावर दिसला. म्हणजे पाय गेले ते केवळ डाळीने नव्हे. धान्याच्या रूपाने मजुरी ठरवणाऱ्या मालकाच्या मापानेही गेले. १९६१ साली केंद्राच्या नियमांनी या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. महाराष्ट्राने ती २००८ साली उठवली. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी विषाचे वाण शास्त्रज्ञांनी काढले. बंदीच्या काळातही लाखोळी पेरली जात होती आणि खाल्ली जात होती. बंदी घालणाऱ्याने तिच्या जागी दुसरी डाळ गरिबाच्या ताटात घातली नव्हती.

मी आजीला विचारले, तुम्ही ती कशी शिजवत होता? आजी म्हणाली, "रातची ऊन पान्यात भिजू घालाची. सकारी ते पानी फेकून द्याचं. जनावरालाही पाजाचं नाही. मंग नव्या पान्यात शिजवाची." का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "पाय जातात ना वो."

गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले की विषाचा बराच भाग निघून जातो, सगळा नाही, असे शास्त्रही सांगते. आजीला हे तिच्या सासूने सांगितले, सासूला तिच्या सासूने. कोणत्याही छापील पुस्तकात ही कृती त्यांना मिळाली नव्हती. कोणाचे तरी पाय जाताना पाहून त्या शिकल्या होत्या. आणि तरीही ही आजीची सर्वांत आवडती डाळ! जिवाला बरे वाटणाऱ्या अन्नात एवढे सारे असते: आईच्या हाताची ऊब, पोट भरल्याचे सुख आणि लुळ्या पायांची भीती. आता ही कृती कोणी 'लाखोळी एक वाटी, मीठ चवीनुसार' एवढीच लिहिली तर ती खोटी होईल. पाणी फेकायचे का ते लिहिले नाही, तर एखादी मुलगी ते फेकणार नाही. मजुरी लाखोळीतच का मिळे ते लिहिले नाही, तर वाचणाऱ्याला वाटेल, या लोकांना ही डाळ फार आवडत असावी.

माझे म्हणणे थोडक्यात असे: आमच्या अन्नाची कृती लिहिली पाहिजे, पण तिच्या परिस्थितीसकट लिहिली पाहिजे.

या म्हणण्याला पहिला विरोध त्याच ओट्यावर झाला. सून उत्साहाने म्हणाली, आपण एक वही करू, सगळ्यांचे लिहून ठेवू. आजी एकदम कडक झाली. "आमची गरिबी काहाला छापतेस? ते दिवस गेले. बाबासाहेबांनं सांगितलं ते सोडलं आमी. आता पुन्हा तेच पुस्तकात घालाचं का?"

हा प्रश्न भावनेचा आहे असे समजून सोडून देता येणार नाही. तो आमच्या चळवळीच्या इतिहासातून आलेला आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळ्या तुकड्यांची आशा सोडायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच स्त्रियांशी बोलताना त्यांनी त्यांना बजावले, की असले मांस कोणी घरी आणले तरी ते शिजू देऊ नका. हे त्यांनी स्त्रियांना वेगळे का सांगितले? चूल कोणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक होते म्हणून. पुढे १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना गोमांसाचा प्रश्न मध्यभागी ठेवला. आमच्या ताटात काय आहे, हा या देशात कधीच खाजगी प्रश्न नव्हता. ताटावरून माणसाची पायरी ठरवली गेली. आजीच्या पिढीने मृतमांस सोडले ते कोणाला लाजून नव्हे. माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी सोडले. एवढा मोठा नकार ज्यांनी चुलीपाशी बसून अंमलात आणला, त्यांना त्याच अन्नाचे कौतुक छापलेले पाहून यातना होणे स्वाभाविक आहे.

म्हणून इथे एक भेद करावा लागतो. जे अन्न आमच्यावर लादले गेले, जे अपमानासकट ओंजळीत टाकले गेले, ते वेगळे. आणि जे आमच्या आयाबायांनी जंगलातून, बांधावरून, तळ्यातून स्वतःच्या श्रमाने आणि अकलेने उभे केले, ते वेगळे. पावसाच्या सुरुवातीला तरोट्याचा कोवळा पाला केव्हा खुडायचा, वारुळावर उगवणाऱ्या सात्या कोणत्या खाव्यात आणि त्यांच्यासारखे दिसणारे कोणते आळिंबे टाळावे, बांबूचे वास्ते किती पाण्यात उकळून कडवटपणा घालवायचा, मोहाची फुले कशी वाळवायची: हे ज्ञान आहे. याची लाज वाटण्याचे कारण नाही. पहिल्या प्रकारच्या अन्नाचीही नोंद राहिली पाहिजे, पण ती गौरव म्हणून नव्हे, साक्ष म्हणून. कोणावर काय वेळ आणली गेली याची साक्ष. ती नोंद नसेल तर सोडले काय आणि का सोडले, हे पुढच्या पिढीला कळणार नाही, आणि नकाराची किंमतही कळणार नाही.

आमच्या आत्मकथनांनी हे काम सुरू केले होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', उर्मिला पवार यांचे २००३ सालचे 'आयदान', या पुस्तकांत अन्न पानोपानी आहे. तरीही एकंदर पाहिले तर आम्ही भूक लिहिली, कृती फारशी लिहिली नाही. भूक भोगणारा मुलगा लेखक झाला. ती भूक ज्या हाताने कशीबशी भागवली त्या आईच्या हाताचे कसब कमीच लिहिले गेले. पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नाच्या इतिहासाचे आणि आठवणींचे संकलन केले. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झाले. जेवताना म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला त्या नावातच प्रश्न विचारलेला आहे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचे खाणे त्यात कृतींसह आहे. २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि बाहेरच्या वाचकांचे लक्ष तिकडे गेले. पण मराठवाड्याची ज्वारी-बाजरी वेगळी, आमचे धान आणि लाखोळी वेगळी. झाडीपट्टीची वही अजून लिहायची आहे.

आमच्यासारखे प्रश्न दुसरीकडेही उभे राहिले. १९७२ साली दलित पँथरने ज्यांच्यापासून नाव घेतले, त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी गुलामगिरीच्या काळात मालकाने टाकलेल्या आतड्या-पायांपासून आणि परसातल्या पालेभाजीपासून आपला स्वयंपाक उभा केला. १९७० साली, म्हणजे 'रुचिरा' आली त्याच वर्षी, तिकडे व्हर्टामे स्मार्ट-ग्रोव्हनर या काळ्या लेखिकेचे 'व्हायब्रेशन कुकिंग' प्रसिद्ध झाले. या बाईचे म्हणणे असे, की ती कधीच मोजत नाही वा तोलत नाही, अंदाजाने रांधते. कृतींबरोबर तिने आपली माणसे, आपले प्रवास आणि आपला राग लिहिला. एकाच वर्षी दोन बायांनी दोन पुस्तके दिली. एकीने माप दिले, दुसरीने माप नाकारले. आम्हाला दोहोंपासून शिकण्यासारखे आहे. माप दिले नाही तर माझ्यासारखी मुलगी कणी किती घालायची याच्या शोधात जन्मभर राहते. नुसते माप दिले तर ज्या चुलीवर ते अन्न शिजले ती चूल दिसत नाही.

आणखी एक धोका आहे. आम्ही लिहिले नाही तर दुसरे लिहितील आणि नाव बदलून घेतील. कोदो-कुटकी हे जंगलपट्टीतल्या गरिबाचे धान्य. ते खाणाऱ्याला मागास म्हटले गेले. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले, सरकारने या धान्यांना 'श्रीअन्न' असे नाव दिले, आणि ती मोठ्या हॉटेलांच्या ताटांत गेली. धान्याला श्री मिळाली. ते पिढ्यान् पिढ्या जपणाऱ्या बाईला काय मिळाले? सीमेपलीकडे २०२२ साली कामगार दिनी छत्तीसगड सरकारने 'बोरे-बासी' खाण्याचा कार्यक्रम केला आणि मंत्री-अधिकारी बासी खातानाची छायाचित्रे छापून आली. सुनेला त्याचा आनंद झाला होता. मलाही तो झाला. कष्टकऱ्याच्या भाताला मान मिळाला तर वाईट काय? पण एक दिवस हौसेने बासी खाणे आणि दुसरे काही नाही म्हणून रोज बासी खाणे यांतला फरक पुसला जाऊ नये.

शेवटची गोष्ट हाताची. पाककृतीच्या पुस्तकात पदार्थ असतो, रांधणाऱ्या हाताची जात नसते. व्यवहारात मात्र या देशात पदार्थाआधी हात विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शाळांतून शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि एप्रिल २००४ मध्ये असे सांगितले की स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांना प्राधान्य द्यावे. हा आदेश मला मोठा वाटतो. मुले एका पंगतीत बसून कोणाच्या हातचे जेवतात, यात जातिनिर्मूलनाचा धडा आहे, हे न्यायालयाने ओळखले. पण समाज तेवढा बदलला काय? २०१७ साली पुण्यात एका सुशिक्षित बाईने, आपल्या घरी सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीने जात लपवली अशी पोलिसांत तक्रार केली होती. ती पुढे मागे घेण्यात आली, पण ती करावीशी वाटली हे राहतेच. आमच्या ओट्यावरची पोषण आहारवाली मावशी म्हणाली, "पयले काही मायबापं पोराला घरून डबा देत. मी काही बोलली नाही. वरन चांगलं करत राह्यली. पोरंच मंग घरी जाऊन सांगू लागली, मावशीसारखं वरन कर." मला वाटते, समतेचा याहून साधा आणि पक्का पुरावा दुसरा नसेल. त्या मुलांना उद्या दमून आल्यावर जे वरण आठवेल, ते या मावशीच्या हातचे असेल.

वाचकांत शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. त्यांना माझे सांगणे एवढेच, की आपापल्या गावी अशी एकेक वही करा. मुलांना सुटीत हेच काम द्या: घरातल्या सर्वांत वयस्क बाईजवळ बसून एक पदार्थ लिहून आणणे. लिहिताना पाच गोष्टी सोडू नका. पदार्थ कसा करतात, हे तिच्याच शब्दांत. दारचे डाळ करू नका. तो कोणत्या दिवसांत आणि कुठून मिळे. तो कशामुळे खावा लागे, की आवडीने खात. त्यात काय जपावे लागे, कशाने बाधे. आणि तो तिला कोणी शिकवला. नाव सांगायला ती नको म्हणाली तर नाव लिहू नका. सांगायलाच नको म्हणाली तर वही मिटा. आमच्या आयांनी आधीच पुष्कळ दिलेले आहे. त्यांची लाज आणि त्यांचे मौन ओरबाडून घेण्याचा अधिकार आपल्यालाही नाही.

आमच्या आजीने दोन आठवडे सुनेशी या विषयावर बोलणे टाळले. सुनेने पुन्हा विचारले नाही, ही तिची समज. मग एके दिवशी वाचन संपल्यावर आजीच म्हणाली, "कुठं आहे वो तुजी वही? लिव. पन पयले हे लिव, का आमी मेलेलं सोडलं अन् कोनाच्या सांगन्यावरून सोडलं. मंग लाखोरी लिव. अन् पानी फेकाचं हे मोठ्या अक्षरात लिव."

सुनेने तसेच लिहिले. वहीच्या पहिल्या पानावर पदार्थ नाही, महाड आहे. दुसऱ्या पानावर लाखोरी आहे. तिसरे पान मी माझ्यासाठी मागून घेतले. शेजारच्या मावशीने अंबाडीत कणी किती घालायची ते सांगितले: तिघांच्या भाजीला एक मूठ, पण मूठ आपली नाही, लेकराची. आईची मूठही तेवढीच असावी. मी करून पाहिली. अजून पुरती जमली नाही, पण वास तोच आला.